‘व्हॅन हेल्सिंग’च्या निमित्ताने : आवडला तर आवडला म्हणा!

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगून टाकते. एक म्हणजे माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी थोडं इकडंतिकडं झालं तर संपादक मंडळाने आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं. दुसरी म्हणजे हा सिनेमाचा रिव्ह्यू नाही. ‘व्हॅन हेल्सिंग’ हा हॉलिवूडपट २००४ साली आला, म्हणजे आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते. इतक्या जुन्या सिनेमाचा रिव्ह्यू आता कोण वाचणार? पण सबमिशन संपल्यावर आमच्या लेडीज होस्टेलच्या कॉमन रूममध्ये तो दाखवला गेला आणि त्यानंतर आठवडाभर मेसच्या रांगेत, कँटीनमध्ये, अगदी वर्कशॉपमध्येसुद्धा त्याच्यावर जी मतं ऐकायला मिळाली, ती सिनेमापेक्षा जास्त विचार करायला लावणारी होती. हा लेख त्या मतांबद्दल आहे. (लेखात शेवट सांगितलेला आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघावा आणि मग वाचावं!)

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. साल १८८७, ठिकाण ट्रान्सिल्व्हानिया. डॉक्टर फ्रँकेनस्टाइन प्रेतांचे तुकडे जोडून विजेच्या जोरावर एक माणूस उभा करतो. त्याला पैसा पुरवणारा आणि मग त्याचाच जीव घेणारा असतो काउंट ड्रॅक्युला. वर्षभराने आपला हीरो व्हॅन हेल्सिंग (ह्यू जॅकमन) पॅरिसच्या नोत्र दाममध्ये मिस्टर हाइडचा निकाल लावतो, व्हॅटिकनच्या खाली असलेल्या गुप्त प्रयोगशाळेतून शस्त्रं घेतो आणि कार्ल नावाच्या घाबरट धर्मबंधूला बरोबर घेऊन ड्रॅक्युलाच्या मागावर निघतो. तिथे अ‍ॅना (केट बेकिन्सेल) आहे. तिच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ड्रॅक्युलाला मारायची शपथ वाहिलेली आणि आता घराण्यात ती आणि तिचा भाऊ एवढेच उरलेले. भाऊ लांडगा-माणूस होतो. ड्रॅक्युलाला तीन बायका आणि हजारो मृत पिल्लं. त्या पिल्लांत जीव घालायला त्याला फ्रँकेनस्टाइनचा राक्षस हवा. आता बोला! एका तिकिटात एवढी भुतं कोण देतं?

तर यावर मतं काय पडली? मी त्यांचे तीन गट करते.

पहिला गट ‘लॉजिक कुठंय?’वाला. यात थर्ड इयर आणि बीईवाले जास्त. आडव्या धनुष्यातून मशीनगनसारखे बाण कसे सुटतील? एवढे बाण राहतात कुठे? घोडागाडी दरीवरून उडते ती कोणत्या नियमाने? आमच्या वर्कशॉपमधल्या एका सरांनी तर तो धनुष्याचा सीन मोबाइलवर बघून “गॅसवर चालतं म्हणतात, पण सिलिंडर कुठाय?” असा प्रश्न टाकला आणि बॅचचं अर्धं प्रॅक्टिकल त्यातच गेलं. (त्यांचे आभार!)

दुसरा गट ‘इतका भंगार की भारी!’वाला. हा सगळ्यात मोठ्या आवाजाचा गट. कॉमन रूममध्ये मागच्या ओळीत बसून प्रत्येक डायलॉगला हसायचं, ड्रॅक्युला आला की शिट्टी मारायची आणि शेवटी “कसला टाइमपास होता!” म्हणून उठायचं.

तिसरा गट म्हणजे ज्यांना सिनेमा खरंच आवडला. हा गट कॉमन रूममध्ये दिसला नाही. तो मला नंतर एकेकटा भेटला. त्याच्याविषयी पुढे सांगते.

आधी लॉजिकवाल्यांकडे येऊ. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, तेव्हा लॉजिक विचारणं हा आपला हक्कच आहे. पण कोणत्याही वस्तूची टेस्ट घेताना आपण पहिल्यांदा काय बघतो? स्पेसिफिकेशन! ती वस्तू कशासाठी बनवली आहे ते. सायकलला ‘तू नदीत का चालत नाहीस’ असं विचारलं तर चूक सायकलची नाही. ‘व्हॅन हेल्सिंग’ स्वतःचं स्पेसिफिकेशन पहिल्या पाच मिनिटांत हातात देतो. सुरुवातीचा सगळा भाग ब्लॅक अँड व्हाइट आहे. मशाली घेतलेला जमाव आणि जळणारी पवनचक्की. हा सरळ सरळ १९३१ सालच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ला केलेला नमस्कार आहे. युनिव्हर्सल या कंपनीने १९३१ मध्येच ‘ड्रॅक्युला’ काढला, १९४१ मध्ये ‘द वुल्फ मॅन’ काढला आणि ‘व्हॅन हेल्सिंग’सुद्धा त्याच कंपनीचा. दिग्दर्शक स्टीफन सॉमर्स यांनी याआधी १९९९ मध्ये ‘द ममी’ केला होता, तोही युनिव्हर्सलच्या जुन्या ‘ममी’वरूनच. म्हणजे हा माणूस आजोबांच्या ट्रंकेतली खेळणी बाहेर काढून खेळतोय आणि ‘मी खेळतोय’ हे लपवत नाहीये.

“सगळी भुतं एकाच सिनेमात कोंबली” ही तक्रार मी निदान चार जणींकडून ऐकली. पण हे कोंबणं सॉमर्स यांचं नाही, ते त्याच कंपनीचं जुनं काम आहे! १९४३ मध्ये फ्रँकेनस्टाइनचा राक्षस आणि लांडगा-माणूस एकमेकांना भेटले. १९४४ च्या ‘हाउस ऑफ फ्रँकेनस्टाइन’मध्ये ड्रॅक्युलाही आला. आणि १९४८ मध्ये तर अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीने या सगळ्यांबरोबर धमाल केली. तेव्हा भुतांचं संमेलन भरवण्याची प्रथा सत्तर-ऐंशी वर्षांची आहे.

बरं, आता ‘क्लासिक’ म्हणून ज्याला आपण मान देतो त्याचं लॉजिक तपासू. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी १८९७ ची. त्यातला व्हॅन हेल्सिंग म्हणजे जॅकमनसारखा हॅट घातलेला तरुण नाही, तो अ‍ॅमस्टरडॅमचा वयस्कर डच प्रोफेसर आहे, नाव अब्राहम. (सिनेमाने त्याचं गॅब्रिएल केलं.) तर या कादंबरीत ल्यूसी नावाच्या मुलीला वाचवण्यासाठी एकामागून एक चार पुरुषांचं रक्त चढवतात. रक्तगटाचं नावसुद्धा न घेता! कारण रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी लावला तो १९०१ च्या सुमाराला. आजच्या बायोमेडिकलच्या मुलीने ते वाचलं तर ती म्हणेल, ड्रॅक्युलाच्या आधी डॉक्टरनेच मारलं असतं. पण म्हणून कोणी कादंबरी फेकून देत नाही. कारण गोष्टीला बाहेरचं सायन्स नाही, आतलं सायन्स लागतं. आपणच घालून दिलेले नियम पाळले का, एवढंच विचारायचं.

आणि इथे गंमत आहे. ज्याला सगळ्यात जास्त ‘काहीही!’ म्हणून हसले, तो भाग आतल्या नियमाने एकदम पक्का आहे. ड्रॅक्युलाला फक्त लांडगा-माणूसच मारू शकतो. मग ड्रॅक्युला लांडगा-माणसांनाच नोकर म्हणून का ठेवतो? आणि त्या शापावरचा उतारा स्वतःच्या किल्ल्यात का बाळगतो? “मूर्ख आहे का तो?” असं मागून कोणीतरी ओरडलं, आणि नेमकं त्याच वेळी पडद्यावर कार्ल त्याचं उत्तर देत होता : यातला एखादा उलटलाच तर, तो चावायच्या आत त्याला पुन्हा माणूस करता यावं म्हणून! म्हणजे उतारा ही ड्रॅक्युलाची सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. उत्तर पडद्यावर होतं, पण हसण्याच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. लॉजिक नव्हतं असं नाही, आपण ऐकलं नाही.

आता दुसरा गट, ‘भंगार की भारी’वाले. अशा सिनेमांना इंग्रजीत ‘कॅम्प’ म्हणतात. (कॅम्प म्हटलं की आपल्याला एकतर एनएसएसचा आठवतो नाहीतर पुण्यातला!) सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने १९६४ मध्ये यावर एक गाजलेला निबंध लिहिला. सोप्या भाषेत सांगायचं तर नाटकीपणा, भडकपणा, अति करणं, यातच जी मजा असते ती कॅम्प. सोंटॅगबाईंनी त्यात एक महत्त्वाचा फरक केलाय. काही गोष्टी नकळत कॅम्प होतात, म्हणजे करणारा गंभीरपणे करतो आणि आपल्याला हसू येतं. काही मात्र जाणूनबुजून तशा केलेल्या असतात.

‘व्हॅन हेल्सिंग’ बराचसा जाणूनबुजून केलेला आहे. पुरावा देते. प्रयोगशाळेत कार्ल एक यंत्र दाखवतो. ते फुटलं की सूर्याइतका प्रकाश पडणार. बनवायला बारा वर्षं लागली. पण ते कशासाठी आहे असं विचारल्यावर तो म्हणतो, माहीत नाही, पण कधीतरी उपयोगी पडेल! आता हा डायलॉग लिहिणाऱ्याला आपण हसतोय असं वाटत असेल तर तसं नाही, त्याने आपल्याला हसवलंय. (आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टची ओरल दिलेल्यांनी तर यावर अजिबात हसू नये. बाह्य परीक्षकांसमोर आपलं उत्तर याहून वेगळं असतं का?) रिचर्ड रॉक्सबर्ग यांचा ड्रॅक्युला ‘मला हृदय नाही, ना प्रेम, ना भीती’ हे दुःख इतक्या थाटात सांगतो, की संगीत नाटकातल्या खलनायकाने वन्स मोअर घ्यावा. ते अभिनय न येणाऱ्याचं काम नव्हे.

आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. त्याची कल्पनाही ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या हॉलिवूडपटावरून आलेली. रामदास पाध्ये यांच्या हातातला तात्या विंचू बाहुला असून चालतो, बोलतो, खून करतो. घरातली आजी, काका, शाळकरी भाऊ सगळे एकत्र बसून तो बघतात. घाबरतात आणि हसतात, दोन्ही एकदम. मी आजवर एकाही मराठी घरात ‘बाहुल्याला स्नायू नाहीत, मग तो चालतो कसा?’ हा प्रश्न ऐकलेला नाही. तात्या विंचूला आपण जी सवलत मनापासून देतो ती व्हॅन हेल्सिंगला द्यायला काय हरकत आहे?

इथे कोणी म्हणेल, “म्हणजे कॅम्प म्हटलं की सगळं माफ?” अजिबात नाही! उलट माझं म्हणणं असं आहे की लॉजिकवाले आणि हसणारे, दोघांनीही खऱ्या चुका पकडल्याच नाहीत. त्या अशा :

पहिली, सिनेमा श्वास घेऊ देत नाही. दोन तासांहून जास्त वेळ कोणी ना कोणी आदळतंय, जळतंय, किंचाळतंय. चहात सगळीच साखर असली तर चहा कुठाय? जुन्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये राक्षस नुसता दारात वळून उभा राहतो आणि अंगावर काटा येतो.

दुसरी, कॉम्प्युटरवर केलेल्या भुतांना वजन नाही. ग्राफिक्सचं काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकसारख्या नावाजलेल्या कंपनीचं होतं, तरी आज ते लांडगे आणि उडणाऱ्या बायका रबरासारख्या वाटतात. याउलट शुलर हेन्स्ली यांनी मेकअप चढवून केलेला फ्रँकेनस्टाइनचा राक्षस बघा. तो ‘मला जगायचंय’ म्हणतो तेव्हा खरं वाटतं, कारण तिथे खरा माणूस आहे. आमच्या रेक्टर मॅडम दहा-पंधरा मिनिटं येऊन बसल्या होत्या. त्यांनी एकच वाक्य म्हटलं, “त्या शिवलेल्या माणसाचं वाईट वाटतं गं.” माझ्या मते सगळ्या चर्चेतला तो सगळ्यात अचूक शेरा होता.

तिसरी चूक मात्र आतल्या नियमाची आहे आणि ती मोठी आहे. पूर्ण सिनेमाभर अ‍ॅना कौलांवर आपटते, उंचावरून पडते, गाडीखाली येता येता वाचते आणि तिला खरचटतसुद्धा नाही. फॅक्टर ऑफ सेफ्टी पन्नास! आणि शेवटी लांडगा-माणूस झालेल्या व्हॅन हेल्सिंगने एकदा झेप घेतली तर तिचा जीव जातो. शिवाय ड्रॅक्युला सांगतो की शेकडो वर्षांपूर्वी त्याला मारणारा हाच व्हॅन हेल्सिंग होता. मग हा माणूस आहे तरी कोण? सिनेमा ही उधारी ठेवून संपतो. ती पुढच्या भागात फेडायचा विचार असेलही, पण पुढचा भाग कधी आलाच नाही. सुमारे सोळा कोटी डॉलर खर्चून जगभरात तीस कोटींच्या आसपास गल्ला झाला. त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा, वर जाहिरातीचा खर्च वेगळा.

तेव्हाच्या बहुतेक समीक्षकांनी सिनेमाला झोडपलं. पण रॉजर इबर्ट या अमेरिकेतल्या मोठ्या समीक्षकाने त्याला चारपैकी तीन तारे दिले. इबर्ट यांना या चुका दिसल्या नसतील असं मला वाटत नाही. पण आपल्याला मजा आली हे लिहायला त्यांना संकोच वाटला नाही. आणि माझ्या लेखाचा खरा मुद्दा हाच आहे.

आता तो तिसरा गट. सिनेमा सुरू व्हायच्या आधी एक फर्स्ट इयरची मुलगी म्हणाली, “हा मी लहानपणी टीव्हीवर हिंदीत बघितलाय. मला जाम आवडतो.” झालं! “हिंदीत?” म्हणून मागच्या ओळीत जो हशा पिकला, तो सिनेमातल्या कोणत्याही विनोदाला पिकला नाही. सिनेमा संपल्यावर कोणीतरी तिला विचारलं, “काय, अजून आवडतो का?” ती म्हणाली, “नाही, टाइमपास आहे.”

चार दिवसांनी मेसच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. विषय निघाला तसा ती हळूच म्हणाली, “ताई, शेवटी ढगात तिचं कुटुंब दिसतं तेव्हा सगळे हसले. पण तिनं समुद्र कधी पाहिलेला नसतो. तसं ती आधी म्हणालेली असते. म्हणून तो तिची चिता समुद्राकाठी रचतो.”

खरंच, असंच आहे. अ‍ॅना मध्येच एकदा सहज म्हणते की मी समुद्र पाहिलेला नाही, सुंदर असेल. तो डायलॉग एवढ्या धांदलीत निसटून जातो. शेवटच्या सीनमध्ये ढगात चेहरे दाखवणं भडक आहे, मान्य. पण त्याच्या खाली हा समुद्र होता, आणि तो आख्ख्या कॉमन रूममध्ये पकडला तो एका मुलीने, जी सिनेमा हिंदीत बघून मोठी झाली आणि जिने आम्हा सगळ्यांसमोर ‘टाइमपास आहे’ एवढंच म्हटलं.

तिच्यानंतर मला आणखी काही जणी भेटल्या. एकीला कार्ल आवडला होता, एकीला मुखवट्यांच्या नाचाचा सीन. एकीला ‘आपल्याला असं घर हवं होतं’ म्हणून ड्रॅक्युलाचा किल्ला. सगळ्यांचं पहिलं वाक्य मात्र एकच : “म्हणजे तसा बकवासच आहे, पण…” हा ‘बकवासच आहे पण’ आपण टॅक्ससारखा भरतो. आधी तो भरायचा आणि मग स्वतःची आवड बाहेर काढायची.

असं का होतं? माझ्या शाळेत कोणी कोणते इंग्रजी सिनेमे पाहिलेत यावरून मुलींची ‘लेव्हल’ ठरायची. इथे होस्टेलमध्ये ती मागच्या ओळीच्या हसण्यावरून ठरते. हसणारा कधी अडचणीत येत नाही, कारण त्याने काही कबूलच केलेलं नसतं. आवडलं म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं. त्यामुळे ‘भंगार’ म्हणणं ही सगळ्यात सुरक्षित जागा होऊन बसते. आज हे सिनेमाबद्दल आहे. पण ब्रँच, इलेक्टिव्ह, प्रोजेक्टचा विषय यातही आपण हेच करत नाही का? सगळे ज्याला हसतात तो विषय मनातून आवडत असला तरी सोडून द्यायचा. व्हायवाला परीक्षकाचा चेहरा बघून उत्तर बदलायची सवय अशीच लागते.

हसू नये असं मी म्हणत नाही. ‘व्हॅन हेल्सिंग’ हसण्यासाठीच आहे, आणि मिळून हसण्यात जी मजा आहे ती एकट्याने लॅपटॉपवर बघण्यात नाही. फक्त सिनेमाला हसणं आणि तो आवडणाऱ्याला हसणं यातला फरक मागच्या ओळीने ओळखावा.

कॉमन रूम कमिटीला माझी एक साधी सूचना आहे. पुढच्या वेळी सिनेमा संपला की चर्चेच्या आधी पाच मिनिटं द्यायची आणि प्रत्येकीने एका चिठ्ठीवर लिहायचं, काय आवडलं, काय नाही आणि का. मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. खर्च काही नाही, जुन्या जर्नलची मागची पानं चालतील. मागच्या ओळीच्या चिठ्ठ्याही त्यातच असतील, त्यामुळे तिथलं खरं मतसुद्धा कळेल! चिठ्ठीवर नाव घालायची गरज नाही. निदान सुरुवातीला तरी.